पॅक-मॅन एक की दोन?

दोन जण पॅक-मॅन या ठिपके खात भुतांना चुकवायच्या जुन्या व्हिडिओ गेमबद्दल बोलत असतात. एकाला आठवतात चार रंगांची, चार स्वभावांची भुतं आणि खेळ सुरू होताना वाजणारी ती छोटी सुरावट. दुसऱ्याला आठवतात टीव्हीवर लुकलुकणारी, अर्धवट पुसल्यासारखी दिसणारी भुतं आणि ठिपक्यांच्या जागी आडव्या पट्ट्या. दोघंही खरंच बोलत असतात, पण थोड्या वेळात आवाज चढतात. जुन्या गेममधला सर्वांत भारी कोणता, या वादात बहुतेक वेळा हेच होतं. नाव एकच असतं, पण एक जण आर्केडमधल्या, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्राबद्दल बोलत असतो आणि दुसरा घरातल्या टीव्हीबद्दल. हे दोन खेळ मुळात वेगळे का झाले, हे कळलं तर वाद मिटणार नाही, पण निदान नेमका कशावरून चाललाय ते तरी कळेल.

सुरुवात बऱ्याच जणांना वाटते तशी नाही. आर्केड आधी आणि घर नंतर, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात मॅग्नाव्हॉक्स कंपनीचं ‘ओडिसी’ हे घरगुती यंत्र १९७२ मध्ये बाजारात आलं, आणि अटारी कंपनीचा नाण्यावर चालणारा ‘पाँग’ त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. ओडिसीमागचा माणूस राल्फ बेअर. टीव्हीवर नुसतं बघत बसण्याऐवजी काही खेळता यावं, ही कल्पना त्याच्या डोक्यात १९६६ पासून होती. यंत्राला आवाज नव्हता, गुणही दिसत नव्हते. पडद्यावर पांढरे चौकोन, आणि मैदान दिसावं म्हणून टीव्हीच्या काचेवर चिकटवायचे रंगीत प्लास्टिकचे पडदे! गुण खेळणाऱ्यांनी स्वतःच मोजायचे.

अटारीचा संस्थापक नोलन बुशनेल १९७२ च्या मे महिन्यात ओडिसीच्या एका प्रात्यक्षिकाला गेला होता. पुढे त्याने ॲलन अल्कॉर्न या नव्या इंजिनिअरला सरावाचं काम म्हणून टेबल टेनिससारखा खेळ करायला दिला. तोच पाँग. अल्कॉर्नने त्यात दोन गोष्टी घातल्या. बॅटच्या कोणत्या भागाला चेंडू लागतो त्यावर तो कोणत्या कोनात परतेल ते ठरायचं, आणि फटकेबाजी लांबली की चेंडूचा वेग वाढायचा. सर्किटमधल्या एका उणिवेमुळे बॅट पडद्याच्या अगदी वरच्या टोकापर्यंत पोहोचत नव्हती. ती उणीव त्याने तशीच ठेवली, कारण नाहीतर दोन चांगले खेळाडू कितीही वेळ खेळत बसले असते. सनीव्हेलमधल्या एका बारमध्ये हे यंत्र लावलं आणि काही दिवसांतच ते बंद पडल्याची तक्रार आली. उघडून बघितलं तर नाण्यांचा डबा भरून वाहत होता. मॅग्नाव्हॉक्सने नंतर पेटंटवरून दावा लावला आणि १९७६ मध्ये अटारीने तडजोड केली, पण तोवर फाटा फुटला होता. नाण्यावर चालणाऱ्या खेळाला लवकर संपावं लागतं. घरात पैसे आधीच भरलेले असतात, त्यामुळे तिथल्या खेळाला पुरून उरावं लागतं. पुढची दहा-पंधरा वर्षं या दोन गरजांच्या ओढाताणीत गेली.

‘स्पेस इन्व्हेडर्स’ घ्या. तैतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादोने १९७८ मध्ये केलेला हा गेम. पाच ओळी, प्रत्येकीत अकरा, असे ५५ परग्रहवासी आणि खाली चार ढाली. त्यातला इंटेल ८०८० प्रोसेसर एका वेळी एकाच आकृतीला हलवायचा, म्हणून सगळी फौज लाटेसारखी सरकताना दिसते. जसजसे शत्रू मरतात तसतसं काम कमी होतं आणि उरलेले आपोआप जोरात धावू लागतात. शेवटचा एक उरला की तो पडद्यावरून अक्षरशः सुसाट जातो. निशिकादोच्या हे लक्षात आलं आणि त्याने ते सुधारलं नाही. मागे वाजणारे चार खर्जातले सूरही वेगाबरोबर जलद होत जातात. भीती वाढवत नेण्याची ही युक्ती अर्धी यंत्राच्या मर्यादेतून आलेली आहे. आजही तो खेळताना तळहात ओले होतात, आणि ग्राफिक्सचं म्हणाल तर तो मूळचा काळापांढरा गेम, रंग दिसावेत म्हणून काचेवर रंगीत पट्ट्या लावलेला!

आता हाच गेम घरी आणायचा आहे. घरात काय आहे? १९७७ चं अटारीचं व्हीसीएस, म्हणजे पुढे ज्याला सगळे २६०० म्हणू लागले ते यंत्र. कार्ट्रिज बदलून वेगळा गेम लावण्याची सोय त्याआधी १९७६ मध्ये फेअरचाइल्डच्या चॅनल एफने आणली होती, पण घराघरांत पोहोचलं ते २६००. त्यात काम करायला मेमरी होती १२८ बाइट. हा परिच्छेदसुद्धा तेवढ्यात मावणार नाही. पडद्याचं पूर्ण चित्र साठवायला जागाच नाही, म्हणून टीव्हीचा किरण एकेक आडवी ओळ काढत खाली उतरत असताना, त्याच क्षणी, प्रोग्रॅमने चित्र काढणाऱ्या चिपला सांगायचं की या ओळीवर काय दाखव. एका ओळीसाठी प्रोसेसरला मिळायचे ७६ ठोके, आणि साध्यातली साधी आज्ञाही त्यातले दोन ठोके खायची. हलत्या आकृतींची सोय किती? दोन खेळाडू, दोन गोळ्या आणि एक चेंडू. यंत्र बांधलंच होतं पाँग आणि रणगाड्यांच्या खेळासाठी.

रिक मॉरर या प्रोग्रॅमरने यातून १९८० मध्ये स्पेस इन्व्हेडर्स काढला. चिपमध्ये एक सोय होती. एका खेळाडूची आकृती एका ओळीत तीनदा छापता यायची. दोन खेळाडू, तिनाच्या हिशेबाने सहा. म्हणून घरच्या फौजेत ओळीला अकराऐवजी सहा आणि एकूण ५५ ऐवजी ३६. ढाली चारच्या तीन झाल्या. आर्केडमध्ये शत्रूंचा वेग फुकटात वाढत होता, इथे तो मुद्दाम आणावा लागला. मग तोटाच तोटा म्हणायचा का? नाही. कार्ट्रिजमध्ये खेळाचे ११२ प्रकार होते. सरकत्या ढाली, वळत येणारे बॉम्ब, न दिसणारे शत्रू, दोघांनी एकाच वेळी खेळायचे प्रकार. आर्केडच्या मालकाला हे कशाला हवं होतं? तिथे एकच कडक डाव पुरेसा. घरी मात्र ज्याने कार्ट्रिज विकत घेतलंय त्याला महिनोन् महिने गुंतवायचं होतं. आर्केडमधून रीतसर परवाना घेऊन घरी आलेला हा पहिला मोठा गेम, आणि केवळ त्याच्यासाठी लोकांनी २६०० विकत घेतलं.

आणि मग पॅक-मॅन. नाम्कोच्या तोरू इवातानीचा हा गेम १९८० चा. चक्रव्यूहात २४४ ठिपके, त्यातले चार मोठे. पण खरं डोकं भुतांत आहे. लाल भूत थेट मागे लागतं. गुलाबी भूत तुम्ही जिकडे तोंड करून आहात त्याच्या चार घरं पुढची जागा धरतं, म्हणजे आडवं येतं. निळसर भूत लाल भूत कुठे आहे ते बघून आपली जागा ठरवतं, म्हणून त्याचा अंदाज येत नाही. नारिंगी अंगावर येतं आणि आठ घरांच्या आत आलं की कच खाऊन आपल्या कोपऱ्याकडे वळतं. चार साधे नियम, पण खेळणाऱ्याला वाटतं की या चौघांनी मिळून कट केलाय. शिवाय तुम्ही तंतोतंत तेच वळण त्याच क्षणी घेतलंत तर भुतंही तंतोतंत तशीच वागतात. त्यामुळे लोकांनी वाटा पाठ केल्या. १९८२ च्या ‘मिस पॅक-मॅन’मध्ये भुतांच्या चालीत थोडी बेभरवशाची गोष्ट घातली गेली, चक्रव्यूह एकाचे चार झाले आणि पाठांतराची सद्दी संपली. या दोघांतला कोणता आवडतो यावरून माणसाचा स्वभाव कळतो असं माझं उगाच मत आहे. मी मिस पॅक-मॅनवाला.

२६०० वरचा पॅक-मॅन १९८२ चा. टॉड फ्राय या प्रोग्रॅमरला तो चार किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवायचा होता. दोन हलत्या आकृतींपैकी एक पॅक-मॅनला गेली. उरलेल्या एकीत चार भुतं कशी बसवणार? पाळीपाळीने. टीव्हीवर सेकंदाला ६० चित्रं उमटत, त्यातल्या पहिल्या चित्रात पहिलं भूत, दुसऱ्यात दुसरं. म्हणजे प्रत्येक भूत सेकंदाला फक्त १५ वेळा दिसायचं, म्हणून ते लुकलुकणं. ठिपके गेले आणि त्यांच्या जागी १२६ आडव्या पट्ट्या आल्या. माहितीपुस्तिकेत त्यांना ‘व्हिडिओ वेफर’ असं गोड नाव दिलं होतं. सुमारे ७० लाख प्रती विकल्या गेल्या आणि जवळपास तितक्याच शिव्या पडल्या. यंत्रच दुबळं होतं, असं फ्रायच्या बाजूने म्हटलं जातं. ते अर्धंच खरं. त्याच यंत्रावर थोड्याच काळात, दुप्पट मोठ्या कार्ट्रिजमध्ये, मिस पॅक-मॅन आला आणि तो कितीतरी सरस होता. तरीही ज्यांनी आधी घरचाच पाहिला त्यांच्यासाठी ती लुकलुकच भुताटकी ठरली. भूत दिसतंय न दिसतंय, हे भुताला शोभतंच की!

चित्रापेक्षा जास्त फरक पडला तो हातात. ‘ॲस्टेरॉइड्स’ (१९७९) आर्केडमध्ये पाच बटणांवर चालायचा. डावीकडे फिरा, उजवीकडे फिरा, पुढे रेटा, गोळी झाडा, आणि अगदीच कोंडीत सापडलात तर अंतराळात गडप व्हा. शहरांवर पडणारी क्षेपणास्त्रं अडवायच्या ‘मिसाइल कमांड’ (१९८०) मध्ये हाताखाली फिरणारा गोळा होता आणि मारा करण्याच्या तीन तळांसाठी तीन बटणं. शेवटी पडद्यावर ‘गेम ओव्हर’ नव्हे, ‘द एन्ड’ उमटायचं. घरी आल्यावर एक काठी (जॉयस्टिक) आणि एक लाल बटण, त्यामुळे तीन तळांचा एक झाला. तळ एकच उरल्यावर कोणता वाचवायचा आणि कोणता सोडायचा हा मूळ खेळातला जीवघेणा निर्णयच गेला. घरचा मिसाइल कमांड चांगलाच आहे, पण तो नेमबाजीचा खेळ आहे आणि आर्केडचा हतबलतेचा.

उलट काही खेळ घरीच जन्मले, आणि माझ्या लेखी २६०० ची खरी श्रीमंती तीच. वॉरन रॉबिनेटच्या ‘ॲडव्हेंचर’मध्ये (१९८०) किल्ले होते, किल्ल्या होत्या, बदकासारखे दिसणारे ड्रॅगन होते आणि एका गुप्त खोलीत रॉबिनेटने लपवलेलं स्वतःचं नाव होतं. अटारी गेम करणाऱ्यांची नावं छापत नव्हती, त्यावर काढलेला हा तोडगा. याच रागातून चार प्रोग्रॅमर बाहेर पडले आणि १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजन उभी राहिली. तिथे मात्र नावं छापली जायची. त्यामुळे आवडत्या गेमसोबत आवडता गेमकर्ता असण्याची सोय झाली.

त्या चौघांपैकी डेव्हिड क्रेनचा ‘पिटफॉल’ (१९८२) जरा जवळून बघण्यासारखा आहे. जंगलात एकूण २५५ पडदे. हे सगळे चार किलोबाइटमध्ये साठवले कसे? साठवलेच नाहीत. प्रत्येक पडद्याला आठ बिटचा एक आकडा आहे. त्याच आकड्यातून खड्डा, मगरी, वेल, झाडं हे सगळं ठरतं, आणि उजवीकडे गेलात की एक छोटी आकडेमोड होऊन पुढच्या पडद्याचा आकडा तयार होतो. आठ बिटमध्ये शून्य सोडून २५५ आकडे बसतात, म्हणून पडदे २५५. डावीकडे वळलात की तीच आकडेमोड उलटी. घड्याळात २० मिनिटं आणि शोधायला ३२ खजिने. एका नाण्यात २० मिनिटं कुठल्या आर्केडवाल्याने दिली असती? कॅरोल शॉचा ‘रिव्हर रेड’ही त्याच वर्षाचा, नदीही तशीच आकडेमोडीतून वाहणारी.

आर्केड जसंच्या तसं घरी, ही हौस बरीचशी भागवली कोलेकोव्हिजनने. १९८२ मध्ये त्या यंत्रासोबत शिगेरू मियामोतोचा ‘डाँकी काँग’ मिळायचा. मूळ १९८१ च्या गेममधल्या चार टप्प्यांपैकी तीन त्यात होते, सरकत्या पट्ट्यांचा कारखाना तेवढा गळाला. निन्तेन्दोने आपल्या फॅमिकॉम या घरगुती यंत्रावर हाच गेम आणला तेव्हाही नेमका तोच टप्पा गळाला. १९८३ मध्ये अमेरिकेतला घरगुती गेमचा बाजार कोसळला. पाच आठवड्यांत उरकलेला अटारीचा ‘ई. टी.’ हा गेम आणि अमेरिकेतल्या आलामोगोर्दो गावाच्या कचराभूमीत पुरलेली न खपलेली कार्ट्रिजं यांची गोष्ट इतक्यांदा सांगून झाली आहे की इथे उल्लेख पुरे. दोष एका गेमचा नव्हता, दुकानं भरून वाहणाऱ्या सुमार मालाचा होता.

१९९७ मध्ये ‘मेम’ हा एम्युलेटर आला आणि जुन्या आर्केडची यंत्रं संगणकावर चालू लागली. चित्र तेच, आवाज तोच, नाणी मात्र अमर्याद. एक कळ दाबली की नवा डाव. इथेही तुलना थोडी फसते, कारण हरण्याची किंमत शून्य झाल्यावर आर्केडचा गेम सोपा होत नाही, फक्त त्यातली धास्ती जाते.

१९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ घरासाठी घडवलेला. लांबलचक, लपलेल्या वाटांचा, जीव मिळवण्याच्या संधी पेरलेला. पुढच्या वर्षी निन्तेन्दोने तो नाण्यावर चालणाऱ्या यंत्रात घातला, म्हणजे प्रवास उलटा झाला. तिथे जाताना काही टप्पे बदलून त्यांच्या जागी जास्त अवघड टप्पे बसवण्यात आले आणि फुकट मिळणारे जीव कमी करण्यात आले.