फावड्याच्या जागी मुळात होती काठवट

'कॉल अ स्पेड अ स्पेड' म्हणजे जे आहे ते आडपडदा न ठेवता बोलायचं. आपल्याकडे बरेच जण याचा संबंध पत्त्यांशी लावतात, इस्पिकला इस्पिक म्हणा असा, पण तसं नाहीये. इथला स्पेड म्हणजे माती खणायचं फावडं, पत्त्यातलं नाव इटालियन 'स्पादे' म्हणजे तलवारी यावरून आलंय.

पण खरी गंमत पुढे आहे, मुळात फावडंसुद्धा नव्हतं! ग्रीसच्या उत्तर भागात ऑलिंथस नावाचं शहर होतं, इसवी सन पूर्व 348 मध्ये मॅसिडोनियाच्या फिलिपने, म्हणजे अलेक्झांडरच्या वडिलांनी, ते घेतलं आणि जमीनदोस्त केलं, आणि ते त्यांच्या हाती लागलं आतल्याच फितुरांमुळे. त्यातला एक लास्थेनिस. प्लुटार्क या प्राचीन ग्रीक लेखकाने लिहिलंय की हा लास्थेनिस आणि त्याचे साथीदार फिलिपकडे तक्रार घेऊन गेले, तुमची माणसं आम्हाला गद्दार म्हणतात. फिलिप म्हणाला, आमचे मॅसिडोनियन लोक अडाणी, गावंढळ, ते काठवटीला काठवटच म्हणणार. म्हणजे ज्याच्यासाठी गद्दारी केली त्यानेच तोंडावर गद्दार ठरवलं, मला हा प्रसंग फार भारी वाटतो.

या काठवटीसाठीचा मूळ ग्रीक शब्द 'स्काफे', म्हणजे लाकूड कोरून केलेलं पसरट भांडं, पीठ मळायची काठवट किंवा डोण म्हणा, आणि आपल्या डोणीसारखाच तो छोट्या होडीलाही चालायचा. 16व्या शतकात इरॅस्मस या डच विद्वानाने ही गोष्ट लॅटिनमध्ये आणताना तिथे 'लिगो' लिहिलं, म्हणजे कुदळीसारखं अवजार. ग्रीकमध्ये खणायच्या अवजाराचा शब्द 'स्काफेइऑन' अगदी जवळचाच, तिथेच घोळ झाला असावा. मग 1542 मध्ये निकोलस उडाल या इंग्रज लेखकाने इरॅस्मसचं इंग्रजी भाषांतर केलं आणि लिगोचा स्पेड झाला. आणि उडालकडेही हे कौतुक नाहीये, फावड्याला दुसरं नाव द्यायची अक्कल नसलेले लोक असंच लिहिलंय, स्पष्टवक्तेपणाचा मान नंतर चिकटला.

एक मात्र लक्षात ठेवा, 1920च्या दशकापासून अमेरिकेत 'स्पेड' ही कृष्णवर्णीयांसाठी शिवी झाली, ती पत्त्यातल्या काळ्या इस्पिकवरून. वाक्प्रचार त्याच्या कितीतरी आधीचा, तरी तिथे बरेच जण तो टाळतात आणि ते मला योग्यच वाटतं, समोरच्याला लागत असेल तर कशाला.

ग्रीसमध्ये मात्र फावडं कधी आलंच नाही, तिथे अजूनही म्हणतात, अंजिराला अंजीर आणि काठवटीला काठवट.