फिल्म धुणाऱ्या यंत्राला कोण धुतं?

जत्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये पडद्यावर उभ्या रेघांचा पाऊस पडायचा. लातूरच्या शाळेत हे सांगितलं, तर एक मुलगा म्हणाला, "सर, मग फिल्म साबणानं का धूत नव्हते?"

रेघा म्हणजे ओरखडे, ते धुऊन जात नाहीत. पण ओरखडे पाडणारी धूळ आणि तेल मात्र काढता येतं. चित्र असतं जिलेटिनच्या थरात आणि जिलेटिन पाण्यानं फुगतं. म्हणून वापरतात परक्लोरोएथिलीन, म्हणजे ड्रायक्लीनिंगवाल्यांचं 'पर्क'. त्यानं जिलेटिन फुगत नाही आणि तेल विरघळतं.

चिकटलेला कण सोडवतात बुडबुडे. फिल्म धुणाऱ्या यंत्रात पर्कची टाकी असते; तिच्या तळाशी सेकंदाला सुमारे ४०,००० वेळा थरथरणाऱ्या चकत्या असतात. द्रवावरचा दाब क्षणात घटतो, क्षणात वाढतो. घटला की सूक्ष्म पोकळ्या, म्हणजे बुडबुडे, तयार होतात, वाढला की त्या आत कोसळतात. पृष्ठभागाजवळची पोकळी एका बाजूनं कोसळते, त्यामुळे द्रवाची बारीक धार थेट फिल्मवर आदळते आणि कण सुटतो. द्रवात हवा विरघळलेली असेल तर ती पोकळीत शिरून गादीसारखी आडवी येते, धक्का बोथट होतो. म्हणून नवा द्रव भरला की आधी फिल्मशिवायच यंत्र चालवून हवा काढतात. चकत्या नीट चालतात का, हे पाहायला ॲल्युमिनियमची पातळ पन्नी टाकीत धरतात. सगळीकडे सारखे खड्डे पडले तर ठीक; एखादा भाग कोरा राहिला तर तिथली चकती गेली.



मळ आता द्रवात आला. तो गाळण्यांत अडकतो, पण विरघळलेलं तेल गाळणीतून सहज पार होतं. मग द्रव उकळून, वाफ थंड करून परत टाकीत आणतात. पर्क १२१ अंश सेल्सिअसला उकळतं. आपल्याकडे बोअरचं पाणी आटवलं की पातेल्याला पांढरा थर बसतो ना, तसा इथं तळाशी काळपट चिकट गाळ राहतो. तो वेळच्या वेळी काढला नाही तर तापून जळतो. पावसाळ्यात हवेतलं पाणीही द्रवात येतं. पर्क पाण्याच्या दीडपटीहून जड, त्यामुळे पाणी वर तरंगतं. ते तसंच राहिलं तर पर्क हळूहळू आम्लधर्मी होऊन धातू खातं.

पर्कची वाफ हवेच्या साडेपाचपटीहून जड असते, ती जमिनीलगत साचते. ती श्वासावाटे घेणं घातक, कर्करोगाचाही धोका. म्हणून हवा ओढून घेणारा पंखा तिथं छताला नव्हे, जमिनीलगत असायला हवा.