भावंडांच्या मैदानी खेळाचे छायाचित्रण

लहान भावंडे अंगणात, मैदानात, बागेत किंवा समुद्रकिनारी खेळत असताना त्यांना टिपणारा छायाचित्रणाचा एक प्रकार. व्यक्तिचित्रणात भर चेहऱ्यावर असतो, क्रीडाछायाचित्रणात हालचालीवर. इथे खरा विषय असतो दोघांमधले नाते. धाकट्याचा हात ओढणारी ताई, चेंडू न देणारा दादा, पडल्यावर रडण्याआधी मोठ्याकडे गेलेली नजर, असे क्षण सांगून मिळत नाहीत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रसायनाचा ओला थर दिलेल्या काचपट्टीवर चित्र उमटायला बहुधा काही सेकंद लागत. त्यामुळे मुलांना निश्चल बसवावे लागे आणि तान्ह्याला आई कापडाआड लपून धरून ठेवी. कोरड्या, अधिक संवेदनक्षम पट्ट्या आणि हाती धरता येणारे कॅमेरे आले, तेव्हा खेळ टिपता येऊ लागला. फ्रान्सच्या झाक-आन्री लार्तीग (१८९४–१९८६) याने तर लहानपणीच थोरला भाऊ झिसू आणि नात्यातील इतर मुलांच्या उड्या, घरी बनवलेल्या गाड्या व उडण्याचे प्रयोग टिपले. खेळगड्यानेच काढलेली असल्यामुळे या चित्रांत मोठ्यांसमोरचा संकोच नाही. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९६३ मध्ये ती प्रदर्शित केल्यावर त्याला जगभर ओळख मिळाली.

या प्रकारातील एक अतिशय परिचित चित्र अमेरिकन छायाचित्रकार डब्ल्यू. यूजीन स्मिथ याचे. १९४५ मध्ये जपानच्या ओकिनावा बेटावरील युद्धात तो गंभीर जखमी झाला. दीर्घ उपचारांनंतर पुन्हा कॅमेरा हाती घेऊन त्याने १९४६ मध्ये आपली दोन मुले, पॅट्रिक व वॉनिता, झाडीच्या अंधारातून उजेडाकडे जाताना टिपली. दोघेही पाठमोरे आहेत. चेहरे दिसत नसूनही त्यांची सोबत पूर्ण उमगते. १९५५ च्या ‘द फॅमिली ऑफ मॅन’ प्रदर्शनाचा शेवट याच चित्राने केला होता.

तंत्रात मुख्य अडचण दोन मुले दोन अंतरांवर असण्याची. भिंगाच्या एफ/१.८ सारख्या मोठ्या छिद्राने (एफचा आकडा लहान, तितके छिद्र मोठे) जवळून टिपल्यास एकच चेहरा स्पष्ट येतो, एफ/५.६ ते एफ/८ ठेवल्यास दोघेही सावरले जातात. धावणाऱ्या मुलांसाठी शटर (प्रकाश आत सोडणारा पडदा) सेकंदाच्या १/५०० किंवा त्याहून वेगवान लागते. झोपाळा मात्र दोन्ही टोकांना क्षणभर थांबतो आणि तिथे १/२५० वरही काम भागते. मोबाइल सावलीत शटर आपोआप मंदावतो, म्हणून संध्याकाळच्या खेळात हातपाय फरफटलेले दिसतात. गुडघे टेकून कॅमेरा धाकट्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणला की थोरले मूल त्याला दिसते तितके उंच दिसू लागते. महाराष्ट्रात उन्हाळ्यात सकाळी दहानंतर डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात; आंबा-वडाची मोकळी सावली तेव्हा उपयोगी पडते.

लगोरी किंवा डबा ऐसपैस खेळताना धाकटे भावंड बहुधा लिंबूटिंबू असते. त्याच्यावर राज्य येत नाही, तरी ते जीव तोडून पळते. लगोरी रचणाऱ्या थोरल्यावर चौकट आवळली, तर नेमके हेच मूल कापले जाते. चौकट सैल ठेवणे केव्हाही चांगले. ‘इकडे बघ, हस’ असे म्हणताच मुले खेळ सोडून कॅमेऱ्याकडे वळतात. कॅमेरा गळ्यात ठेवून काही काळ नुसते बसावे. मुलांचे कॅमेऱ्यावरचे लक्ष उडाले की काम सुरू करावे.

उघडी अंगे, शाळेचा गणवेश किंवा घराची पाटी दिसणारी चित्रे समाजमाध्यमांवर टाकू नयेत. मोबाइलच्या चित्रात स्थळाची नोंदही असू शकते, ती आधी काढून टाकावी. इतरांची मुले टिपण्यापूर्वी पालकांना विचारावे. समज आलेल्या मुलाने ‘नको’ म्हटले, तर पालकांची परवानगी असली तरी कॅमेरा खाली ठेवावा.