साहसी क्रीडांचा उद्यानप्रवेश (अमेरिका)

सार्वजनिक मालकीच्या उद्यानभूमीत प्रस्तरारोहण, हँग ग्लायडिंग (इंजिनाविना पंखांच्या साधनाने उडणे), बेस जंपिंग (कडा, पूल अशा ठिकाणांवरून पॅराशूटसह उडी), माउंटन बायकिंग अशा जोखमीच्या खेळांना वाव मिळावा, म्हणून खेळाडूंच्या संघटनांनी परस्परांशी आणि उद्यान प्रशासनाशी केलेले सहकार्य हा या नोंदीचा विषय आहे. इंग्रजीत या साऱ्या खटाटोपाला नुसते ‘ॲक्सेस’ म्हणतात. मराठीत ‘प्रवेश’ हा शब्द त्याला पुरत नाही, कारण उद्यानात शिरण्यास कोणाचीच आडकाठी नसते. वाद असतो तो आत गेल्यावर काय करता येईल याचा.

या वादाचे बीज राष्ट्रीय उद्यान सेवेच्या स्थापना कायद्यातच (२५ ऑगस्ट १९१६) आहे. निसर्ग, वन्यजीव व ऐतिहासिक वस्तू यांचे जतन करावे आणि लोकांना त्यांचा आनंद घेता यावा, मात्र पुढील पिढ्यांसाठी हा ठेवा अबाधित राहावा, असे हेतू त्यात एकाच वाक्यात गुंफले आहेत. कड्यावरून उडी मारणे हा ‘आनंद’ ठरतो की नाही, याचा निर्णय त्या वाक्यातून होत नाही. तो उद्यानांच्या नियमावलीवर सोपवला गेला. परिणामी एकेका खेळाचे भवितव्य नियमातील एकेका शब्दावर अवलंबून राहिले.

हँग ग्लायडिंगचे उदाहरण त्यातल्या त्यात सरळ आहे. उद्यान नियमावलीत विमानाच्या व्याख्येत इंजिनाविना उड्डाणाची साधनेही येतात. त्यामुळे पंख घेऊन उडायचे तर त्या उद्यानापुरता विशेष नियम लागतो. कॅलिफोर्नियातील योसेमिटी उद्यानाला तसा नियम आहे. तेथील ग्लेशियर पॉइंट हा माथा दरीच्या तळापासून सुमारे ९७५ मी. उंच असून १९७० च्या दशकापासून तेथून उड्डाणे होत आली आहेत. अटी कडक आहेत : उच्च श्रेणीचे वैमानिक प्रमाणपत्र, परवाना, ठरवून दिलेले उतरण्याचे कुरण, आणि ऊन तापून हवेचे ऊर्ध्व झोत सुरू होण्याआधीची सकाळची वेळ. सॅन फ्रान्सिस्कोतील फोर्ट फन्स्टन येथील सागरी कड्यांवर ‘फेलो फेदर्स’ हा क्लब हीच व्यवस्था सांभाळतो. दोन्ही ठिकाणी शिस्त राखण्याचा मोठा भार क्लबांनी स्वतःच्या शिरावर घेतला. परवानगी इतकी वर्षे टिकली ती मुख्यतः यामुळे, असे मानणे सयुक्तिक वाटते.

त्याच योसेमिटीत बेस जंपिंगला मात्र मज्जाव आहे. इमारत, अँटेना, पूल व भूरूप यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘बेस’ हे नाव बनले. ते बहुधा १९८१ च्या सुमारास रूढ झाले आणि त्याचे श्रेय साधारणपणे कार्ल बोनिश व त्याच्या सहकाऱ्यांना दिले जाते. खेळ मात्र नावापेक्षा जुना आहे. एल कॅपिटन या सुमारे ९०० मी. उंचीच्या ग्रॅनाइटच्या कड्यावरून मायकेल पेल्की व ब्रायन शुबर्ट यांनी जुलै १९६६ मध्ये पॅराशूटसह उड्या घेतल्या. दोघांनाही दुखापती झाल्या. काही अभ्यासक या खेळाचा आरंभ येथून धरतात. तथापि बोनिशने १९७८ मध्ये याच कड्यावरील उड्यांचे चित्रीकरण केले, त्यानंतरच या खेळाला सलग परंपरा लाभली. त्यामुळे १९७८ हे वर्ष धरणे अधिक ग्राह्य ठरते.

बंदीचा आधार असलेल्या नियमाचे मूळ विवाद्य आहे. पॅराशूट, हेलिकॉप्टर वा अन्य हवाई साधनाने व्यक्ती किंवा वस्तू पोहोचवण्यास अथवा उचलून नेण्यास हा नियम मनाई करतो. आणीबाणी व परवाना हे त्याला अपवाद आहेत. त्याचा सध्याचा पाठ १९८३ च्या पुनर्रचनेतील असला, तरी हवाई मार्गाने पोहोचवण्याविषयीची तरतूद त्याआधीची, बहुधा १९६० च्या दशकाच्या मध्यातील आहे. खेळाडूंचा युक्तिवाद असा, की दुर्गम भागात विमानातून सामान व माणसे उतरवणे थांबावे एवढाच तिचा हेतू होता. कड्यावर पायी चढून गेलेला माणूस स्वतःला ‘पोहोचवत’ नाही, तो केवळ खाली येतो. ऐतिहासिकदृष्ट्या यात तथ्य दिसते, कारण तरतूद आली तेव्हा हा खेळ जवळजवळ अस्तित्वातच नव्हता. न्यायालयांनी मात्र हेतूपेक्षा शब्दांना महत्त्व दिले. उद्यान सेवेच्या अखत्यारीतील ग्लेन कॅन्यन (युटा व ॲरिझोना) परिसरातील उड्यांवरून उद्भवलेल्या दोन खटल्यांत (१९९७ व २०००) संघराज्यीय अपील न्यायालयांचा कौल खेळाडूंच्या विरोधात गेला. नियमात ‘व्यक्ती’ हा शब्द स्पष्ट असल्याने हा निष्कर्ष टाळणे कठीणच होते.

तरीही परवान्याचा अपवाद शिल्लक राहतो आणि सहकार्याचा इतिहास त्याच फटीतून पुढे सरकतो. १९८० च्या उन्हाळ्यात योसेमिटीने अनुभवी पॅराशूटपटूंना एल कॅपिटनवरून उडीचे परवाने दिले. हा प्रयोग ऑगस्टमध्ये सुरू होऊन सप्टेंबरमध्ये गुंडाळला गेला. अटी मोडल्या गेल्याचे प्रशासनाने सांगितले, तर पुरेशी संधी मिळालीच नाही अशी खेळाडूंची भावना राहिली. पुढची दोन दशके चोरून मारलेल्या उड्या, अटका आणि जप्त पॅराशूटे यांतच गेली. ऑक्टोबर १९९९ मध्ये बंदीच्या निषेधार्थ जाहीरपणे मारलेल्या उड्यांत एका अनुभवी महिलेचा मृत्यू झाला. तिने उसने पॅराशूट वापरले होते. उडीनंतर साहित्य जप्त होणार हे ठाऊक असल्याने स्वतःचे आणले नव्हते. बंदी आणि धोका एकमेकांत किती गुंतलेले असतात, हे या घटनेइतके दुःखदपणे क्वचितच उघड झाले असेल. उद्यान सेवेच्या २००१ च्या धोरणात हा खेळ उद्यानांसाठी अनुचित ठरवला होता. २००६ च्या धोरणातून ते विधान गेले आणि उद्यानाच्या नियोजन प्रक्रियेत उचित ठरल्यास परवान्याने अनुमती देता येईल, असे नमूद झाले.

याच्या अगदी उलट चित्र वेस्ट व्हर्जिनियात दिसते. १९७७ मध्ये खुला झालेला न्यू रिव्हर गॉर्ज पूल नदीपासून २६७ मी. उंच आहे. पूल राज्याच्या महामार्ग विभागाचा, तर खालची दरी १९७८ पासून राष्ट्रीय उद्यान सेवेच्या अखत्यारीत (२०२० पासून राष्ट्रीय उद्यान). १९८० पासून ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी ‘ब्रिज डे’ भरतो. त्या दिवशी वाहतूक बंद करून उड्यांना मुभा दिली जाते. राज्य प्रशासन, उद्यान, स्थानिक व्यापारी आणि खेळाडू अशा चौघांची जबाबदारी येथे वाटलेली आहे. अपघात येथेही झाले आहेत. एल कॅपिटनवरील १९६६ च्या जोडीतील शुबर्ट २००६ च्या ब्रिज डेलाच उडीत मरण पावला. उपक्रम त्यानंतरही चालू राहिला. आयडाहोतील ट्विन फॉल्स येथील पेरीन पुलावरून (१४८ मी.) वर्षभर विनापरवाना उडी घेता येते, पण तो राष्ट्रीय उद्यानात मोडत नाही.

माउंटन बायकिंगचा झगडा ‘यांत्रिक वाहतूक’ या शब्दांभोवती फिरतो. १९६४ च्या वन्यप्रदेश कायद्याने संरक्षित क्षेत्रांत मोटारवाहनांसह अन्य कोणत्याही यांत्रिक वाहतुकीस मनाई केली. राष्ट्रीय वने सांभाळणाऱ्या वनसेवेने १९६६ मध्ये ‘यांत्रिक वाहतूक’ची व्याख्या करताना निर्जीव ऊर्जास्रोतावर चालणारे साधन असा अर्थ घेतला होता, म्हणजे पायडलने चालणारी सायकल त्यात बसत नव्हती. १९८४ मध्ये सायकलींवर स्पष्ट बंदी आली. तोवर कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात १९७६ पासूनच्या उतारावरील शर्यतींतून हा खेळ फोफावला होता आणि पायी फिरणाऱ्यांशी खटके उडू लागले होते. पायवाटा एकामागून एक बंद होऊ लागल्यावर १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातील क्लबांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग संघटना (इंबा) स्थापली. तिने मागणीच्या जोडीला श्रमदान ठेवले : पाणी वाहून जाईल अशा उताराच्या वाटा आखणे, धूप झालेल्या वाटा बुजवणे. २००५ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेने तिच्याशी सामंजस्य करार केला आणि २०१२ च्या नियमबदलाने काही वाटा सायकलींना खुल्या करण्याची प्रक्रिया सुलभ झाली. वन्यप्रदेश क्षेत्रातील बंदी मात्र कायम आहे.

प्रस्तरारोहकांच्या बाबतीत वादाचा शब्द त्याच वन्यप्रदेश कायद्याने मनाई केलेली ‘स्थापित वस्तू’ हा. दोर अडकवण्यासाठी खडकात ठोकलेला आणि कायम राहणारा बोल्ट (धातूची खुंटी) या वर्गात मोडतो का? १९९८ मध्ये वनसेवेने तसा अर्थ लावला, पण विरोधामुळे अंमल थांबवला. २०१३ च्या उद्यान सेवेच्या आदेशाने मोजक्या बोल्टांना जागा ठेवली. उद्यान सेवा व वनसेवा यांच्या २०२३ च्या मसुद्यांत पुन्हा बंदीची चिन्हे दिसली, तेव्हा अमेरिकन अल्पाइन क्लब व त्याच्याच प्रवेश समितीतून १९९१ मध्ये स्वतंत्र झालेला ‘ॲक्सेस फंड’ यांनी अमेरिकी संसदेपर्यंत (काँग्रेस) पाठपुरावा केला. जानेवारी २०२५ मध्ये स्वाक्षरी झालेल्या ‘एक्स्प्लोर’ कायद्यात आरोहणाला संरक्षण देणारी तरतूद आली. या यशामागे जुनी पुण्याई आहे. योसेमिटीत बहिरी ससाण्याचे घरटे अनेक दशकांनी, १९७८ मध्ये, पुन्हा आढळले ते एल कॅपिटनवर आणि आरोहकांनाच. पुढे पिंजऱ्यात वाढवलेली पिल्ले कड्यावरील घरट्यांत ठेवण्यासही आरोहकांनी दोरावर उतरून मदत केली. विणीच्या काळात कडे बंद ठेवण्याचा नियम ते आजही बव्हंशी पाळतात.

वायोमिंगमधील डेव्हिल्स टॉवरचे प्रकरण याहून नाजूक होते. लकोटा व इतर आदिवासी समाजांना हा स्तंभ पवित्र आहे आणि जून महिन्यात तेथे त्यांचे विधी होतात. आरोहक, आदिवासी प्रतिनिधी, पर्यावरणवादी व प्रशासन यांनी एकत्र बसून बनवलेल्या १९९५ च्या आराखड्यात जूनमध्ये स्वेच्छेने न चढण्याचे आवाहन आहे. व्यावसायिक वाटाड्यांवरील सक्तीची बंदी न्यायालयीन आक्षेपानंतर मागे घेतली गेली; ऐच्छिक आवाहनाविरुद्धचे अपील १९९९ मध्ये फेटाळले गेले. आवाहनानंतर जूनमधील आरोहकांची संख्या पहिल्याच वर्षी मोठ्या प्रमाणात घटली. काही जण आजही जूनमध्ये चढतात. त्यांना कोणी अडवत नाही.