प्रकल्पपूर्व तयारीचं मूल्यमापन (सॉफ्टवेअर प्रशिक्षण)

सॉफ्टवेअर प्रोजेक्ट सुरू व्हायच्या आधीची जी कामं असतात, म्हणजे गिऱ्हाइकाची गरज समजून घेणं, कामाची हद्द ठरवणं, दिवसांचा अंदाज बांधणं, कुठे अडेल ते हेरणं, मशीनवर सगळं सेटअप करून ठेवणं, ती शिकाऊ मुलामुलींना खरंच जमतात का हे तपासायची पद्धत. कोडिंगची परीक्षा वेगळी, ती यात धरत नाहीत. गोव्यात पॉलिटेक्निकचे डिप्लोमा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट, आयटीआयचा कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट) ट्रेड आणि कंपन्यांमधली अप्रेंटिसशिप, सगळीकडे हे कमीजास्त चालतं.

मार्कांपेक्षा प्रत्यक्ष करून दाखवण्यावर भर देणाऱ्या या पद्धतीचं मूळ कुठलं यावर एकमत नाही. बरेच जण सुरुवात डेव्हिड मॅक्लेलंड या मानसशास्त्रज्ञाच्या १९७३ च्या लेखापासून धरतात, त्यात त्याने मांडलं होतं की बुद्ध्यंक आणि शाळेतले मार्क यावरून माणूस नोकरीत काम कसं करेल ते नीट कळत नाही, तेव्हा प्रत्यक्ष कामाची क्षमताच मोजा. दुसरा गट त्याच्याही मागे जातो, अमेरिकेतल्या शिक्षक-प्रशिक्षणाकडे, जिथे साधारण १९६० च्या दशकाच्या अखेरीस 'शिक्षकाला काय माहीत आहे' पेक्षा 'वर्गात काय करून दाखवता येतं' यावर भर आला. तिसरं मत ब्रिटनचं, १९८६ नंतरच्या राष्ट्रीय व्यावसायिक पात्रतांचं, पण तिथे कल्पना नवी नव्हती, सरकारी चौकट नवी होती. शिक्षक-प्रशिक्षणाचा धागा जास्त पटतो, कारण आजच्या चेकलिस्टमधली 'निरीक्षकासमोर करून दाखवले' ही जी नोंद असते तिची ठेवण त्याच वळणाची आहे. वैद्यकीय शिक्षणातून आलेली जॉर्ज मिलरची १९९० ची चार पायऱ्यांची मांडणीही (माहीत आहे, कसं ते माहीत आहे, करून दाखवतो, रोजच्या कामात करतो) इथे उपयोगी पडते, आणि आपल्याकडची बरीचशी तपासणी दुसऱ्या पायरीवरच थांबते ही माझी खरी तक्रार आहे.

भारतात अशी सरकारी चौकट, म्हणजे राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा, डिसेंबर २०१३ मध्ये अधिसूचित झाला. आयटी क्षेत्राची कामनिहाय मानकं नॅसकॉम या आयटी कंपन्यांच्या संघटनेच्या क्षेत्र कौशल्य परिषदेने केली.

सगळ्यात वाद होतो तो वेळेच्या अंदाजावर. शिकाऊ मुलगा 'चार दिवस' म्हणतो आणि मोकळा होतो. तीन आकडे मागावेत हे बरं, सगळं सुरळीत गेलं तर किती, बहुधा किती, आणि सगळंच बिघडलं तर किती, मग मधल्याला चारने गुणून तिन्हींची बेरीज करायची आणि सहाने भागायचं. हे गणित १९५८ च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पातल्या पर्ट या वेळापत्रक आखायच्या पद्धतीतून आलं. ४, ६ आणि १४ दिवस धरले तर उत्तर ७ येतं. मार्क मात्र त्या ७ ला देऊ नयेत, १४ कुठून आला ते विचारावं. 'पावसात लाइट जाते आणि नेटही, म्हणून जास्त धरले' असं कोणी सांगितलं तर त्याने विचार केलाय, 'सरांनी तीन आकडे मागितले म्हणून टाकले' म्हटलं तर नाही.

गरज समजून घेण्याची तपासणी मात्र कागदावर होतच नाही. एका बॅचला मी गावच्या पोदेराच्या (घरोघरी पाव विकणाऱ्याच्या) उधारीच्या वहीचं ॲप हे काम दिलं होतं, कोड एक ओळही लिहायचा नाही, फक्त तयारी. पहिल्या दिवशी आलेल्या फॉर्ममध्ये तारीख, घर, पाव किती, असे तीन कॉलम. मग त्यांना सकाळी पोदेराबरोबर फिरायला पाठवलं. परत आले तेव्हा कळलेलं की पोदेर दिवसातून दोनदा येतो, सकाळी आणि संध्याकाळी, म्हणजे एका तारखेला एका घराच्या दोन नोंदी, आणि उंडो, पोयी, कातरो, कांकण हे त्याच्याकडचे सगळे प्रकार 'पाव' या एका खान्यात बसत नाहीत. एका मुलीने विचारलं होतं, घर बंद असलं तर काय करता? दाराला पिशवी टांगलेली असली तर रोजचे ठेवतो, नाहीतर पुढे जातो, असं उत्तर मिळालं, आणि तिच्या यादीत तो नियम आला. त्या एका प्रश्नाला मी बाकी अख्ख्या डॉक्युमेंटपेक्षा जास्त मार्क दिले, आजही देईन.

गोव्यात यात भाषेची एक भर पडते. गिऱ्हाईक कोंकणीत सांगतं, मुलं आपसात मराठीत बोलतात, डॉक्युमेंट इंग्रजीत लिहायचं असतं, आणि या तीन उड्यांत अर्थ सांडतो. महाराष्ट्रातून शिकायला आलेल्या मुलाने 'पोयी' ऐकून चपाती समजली तर चूक त्याची एकट्याची नाही, पण ती पकडायला शब्दांची यादी गिऱ्हाइकाला परत वाचून दाखवली का, हे मूल्यमापनाच्या तक्त्यात वेगळं कलम हवं. उंडो, पोयी हे शब्द डॉक्युमेंटमध्येही तसेच ठेवावेत, 'ब्रेड टाइप १, २' करू नये, कारण पुढे स्क्रीन दाखवायला न्याल तेव्हा ती पोदेरालाच वाचायची असते.