आधी पाडस, मग आई

शिकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मचाणावरचे संस्थानिक आणि त्यांच्या पायाशी पडलेला वाघ येतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडे तो प्रकार थांबवला, ते उत्तमच झालं. म्हणूनच स्वीडनमध्ये दरवर्षी हजारो मूस कायद्याने मारले जातात आणि तरीही तिथल्या जंगलात मूस टिकून आहेत, हे पचनी पडायला मला वेळ लागला.

मूस हा हरणांच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी. आपलं सांबर त्याच कुळातलं. पण मूसचा नर सहज चारशे-पाचशे किलो भरतो. १७८९ मध्ये राजा तिसरा गुस्ताव याने शिकारीचा हक्क सामान्य जमीनमालकांना दिला. हिशेब कुणीच ठेवला नाही आणि काही दशकांत मूस संपत आले, शिकारबंदी करावी लागली. विसाव्या शतकात उलटं झालं. लांडगे जवळजवळ नाहीसे झाले होते. त्यातच जंगलाचे पट्टेच्या पट्टे तोडून तिथे नवा पाइन वाढवायची पद्धत रुळली. पाइनचे कोवळे शेंडे हे मूसचं हिवाळ्यातलं मुख्य खाणं, तेव्हा त्यांची चंगळ झाली. १९८२ च्या एका हंगामात सुमारे १,७४,००० मूस मारले गेले, यावरून संख्या किती फुगली होती ते समजतं. शेंडे खुडलेली झाडं वेडीवाकडी वाढत होती. रस्त्यांवरचे अपघात तर भयंकर. मूसचे पाय इतके उंच की गाडीची धडक पायांना बसते आणि सगळं धड समोरच्या काचेवर कोसळतं.

मग किती मारायचे? त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे कोणते मारायचे. इथे मन कचरतं, कारण उत्तर आहे पाडसं. ऐन उमेदीतली मादी दर वसंतात एक किंवा दोन पिल्लं देते. ती गेली तर पुढच्या कित्येक वर्षांची वीण गेली. पाडसाचं तसं नाही. पहिला हिवाळा त्याला मुळातच जड जातो. म्हणून कोट्यात पाडसांचा वाटा मोठा ठेवतात. आई आणि पाडस सोबत दिसले तर आधी पाडसावर गोळी, कारण आई मेली तर ते पोरकं होऊन हिवाळ्यात हाल होऊन मरतं. ऐकायला क्रूर वाटतं, पण मला हा नियम दयेचाच वाटतो.

मोठ्या शिंगांचा नर सगळ्यांनाच हवा असतो, आणि तिथेच घात होतो. नॉर्वेतल्या अभ्यासांत दिसलं की प्रौढ नर फार कमी झाले की माद्यांचं मीलन लांबतं, पिल्लं उशिरा जन्मतात आणि हिवाळ्याच्या तोंडावर वजनाला कमी भरतात. शिंगांचा मोह असा पुढच्या पिढीच्या अंगावर उतरतो.

मोजणीचं कामही बरंचसं शिकारीच करतात. हंगामाच्या पहिल्या दिवसांत किती तास बसलो, किती नर, माद्या, पाडसं दिसली, हे ते लिहून ठेवतात. बर्फ वितळल्यावर ठरलेल्या जागी लेंड्यांचे ढीग मोजतात. मारलेल्या मूसचा खालचा जबडा काढून पाठवतात. प्रयोगशाळेत दाताच्या मुळाचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. साधारण एक वलय, एक हिवाळा. एवढ्याशा दातावरून त्या भागातले मूस म्हातारे होताहेत की तरुणच मारले जाताहेत, ते कळतं.

जखमी जनावर तसंच सोडून देता येत नाही. माग काढणारा शिकवलेला कुत्रा दोन तासांत हजर करता आला पाहिजे, असा नियमच आहे.

आता लांडगे परतले आहेत. मध्य स्वीडनमध्ये त्यांची एक टोळी वर्षाला शंभराच्या आसपास मूस मारते, त्यातही पाडसंच जास्त. तितका माणसांचा कोटा कमी करावा लागतो. २०१२ पासून मोठमोठे व्यवस्थापन विभाग आखले आहेत आणि त्यांच्या गटांत जमीनमालक आणि शिकारी एकत्र बसून कोट्याचा आराखडा ठरवतात. पाइनवाले म्हणतात, मूस अजून जास्त आहेत. शिकारी म्हणतात, कधीच कमी झालेत. वाद पेटला की टेबलावर तेच आकडे येतात : खुडलेले शेंडे, पाडसांची वजनं, बर्फाखालून निघालेले लेंड्यांचे ढीग.