चिऱ्याला भोकं आहेत म्हणून तो लाव्हा नव्हे

"गोव्यातला लाल चिरा (जांभा दगड) म्हणजे थंड झालेला लाव्हा, भोकं गॅसच्या बुडबुड्यांची" हा मेसेज फिरतच असतो. दिसायला तसं वाटतं खरं, पण चिरा तयार झालाय तो पावसापाण्याने. लाखो वर्षं ऊन-पाऊस खाऊन मूळ खडक कुजतो, सिलिका (वाळूत असते ती) पाण्याबरोबर निघून जाते, लोखंड-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहतात आणि मधली मऊ माती धुपली की भोकं पडतात. लाल रंग गंजाचाच.

चिरेखणीची उभी कड बघा, वर कडक चिरा, खाली मऊ होत होत पिवळट-पांढरी चिकणमाती, लाव्हा वरून ओतला असता तर मध्ये सरळ रेघ दिसली असती ना! ज्वालामुखीचा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला खडक, गोव्यात आहे, पण तो ईशान्येला सत्तरी तालुक्याकडे, आणि काळा.